विषय : लिस्बनचा सोमवार आणि तुमच्या कार्यालयाने दिलेलं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग, पणजी

काल तुमच्या कार्यालयाला तिसरा फोन केला. त्यानंतर हे पत्र लिहिते आहे. पावती आणि तुम्हीच छापलेली कार्यक्रमपत्रिका सोबत जोडली आहे, म्हणून सहल कुठली नि तारीख कुठली ते पुन्हा सांगत नाही.

पत्रिकेत चौथ्या दिवशी, सोमवारी, असं छापलंय : सकाळी बेलें इथला जेरोनिमुश मठ आतून पाहणे, वास्को द गामाची कबर, मग बेलेंचा बुरूज, दुपारी सिंत्राचा पेना राजवाडा. जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. लिस्बनला माणसं नेण्याचा तुमचा धंदा आहे, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. माहीत असूनही तुम्ही सोमवार छापलात आणि आत जाण्याचे पैसे आमच्याकडून घेतलेत.

बस मठासमोर थांबली, दार बंद. तुमचा मार्गदर्शक माइकवर म्हणाला, "वीस मिनिटं, बाहेरून फोटो काढून घ्या." वास्को गावाच्या स्टेशनवरून आम्ही आयुष्यभर गाड्या पकडल्या. ज्याचं नाव त्या गावाला आहे त्याच्या कबरीपासून शंभर पावलांवर उभे राहून आम्ही परत फिरलो.

तरी बुरूज होता. माझे यजमान फोंड्याच्या शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवत होते. 1515 साली गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला गेला, हे ते दरवर्षी मुलांना सांगायचे. गुजरातच्या सुलतानाने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला दिला आणि अल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजा मान्युएलकडे पाठवला. रोमनांच्या काळानंतर युरोपने पाहिलेला तो पहिला जिवंत गेंडा. तेव्हा बेलेंचा बुरूज बांधला जात होता, आणि त्याच्या एका कोपऱ्यातल्या मनोऱ्याखाली त्या गेंड्याचं दगडी डोकं आहे. ते आता पाऊस-वाऱ्याने झिजलंय, म्हणून यांनी निघण्याआधी पणजीहून मुद्दाम दुर्बीण आणली. या सहलीला होकार दिला तोच या डोक्यासाठी.

मठापासून बुरूज चालत पंधरा-वीस मिनिटांवर. यांनी मार्गदर्शकाला विचारलं, आम्ही दोघं चालत जाऊन येऊ का? नाही म्हणाला, वेळ नाही. बुरूज धावत्या बसमधून दाखवला. हे दुर्बीण घेऊन उभे राहिले तर "काका, खाली बसा, दुसऱ्यांना दिसत नाही" असं माइकवरून, सगळ्यांच्या देखत. दुर्बीण डोळ्यांशी जुळवेपर्यंत बुरूज मागे गेला. त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि सबंध सहलीत पुन्हा बाहेर काढली नाही.

वेळ नव्हता म्हणता, मग तिथून बुचाच्या वस्तूंच्या दुकानात एक तास वीस मिनिटं कशी थांबलात? पत्रिकेत या दुकानाचा उल्लेखही नाही. तिथे उशीर झाला म्हणून पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ टळली. आम्ही बागेत फिरलो आणि परत आलो.

आता कालचा फोन. पहिल्या दोन वेळा "वरिष्ठांना कळवतो" एवढंच ऐकलं होतं. काल जो मुलगा बोलला त्याला मी सगळं सावकाश सांगितलं. तो म्हणाला, "काकू, चर्चच बघायचं होतं ना? ती जुन्या गोव्यात किती आहेत!" मी म्हटलं, जुनं गोवं मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे, मी पैसे लिस्बनचे भरले होते. मग मी गेंड्याचं सांगितलं. तो हसला. फोन हातात तसाच ठेवून शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, "गेंडा बघायचा होता म्हणे." आणि मग मला, "गेंडा बघायचा तर बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जायचं होतं." हे शेजारीच बसले होते, स्पीकर चालू होता. त्यांनी सगळं ऐकलं. उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत.

चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ज्या माणसाने हयातभर मुलांना हा इतिहास शिकवला, त्याच्या इच्छेवर तुमच्या पगारी माणसाने हसावं, हे मी सोडणार नाही. तुमच्याच कंपनीबरोबर आम्ही अंदमानला गेलो होतो, सिंगापूरला गेलो होतो. आमच्या ओळखीतली निदान तीन घरं आमच्या शब्दावर तुमच्याकडे आली. त्यांना आता मी काय सांगू?

दोघांचे मिळून आम्ही 5,80,000 रुपये भरले. त्या दिवसाचा खर्च आणि न झालेल्या प्रवेशांचे पैसे परत करा. मठ सोमवारी बंद असतो हे ठाऊक असताना सोमवार का छापला, याचं लेखी उत्तर द्या. आणि माफीचं पत्र माझ्या नावे नको, यजमानांच्या नावे पाठवा. पंधरा दिवस वाट पाहीन. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि आम्ही राहतो त्याच जिल्ह्यात ती दाखल करता येते. फोंड्याहून मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायला मला वेळ लागणार नाही.

यापुढे फोन करू नका. जे सांगायचं ते कागदावर लिहून पाठवा.

आपली एक ग्राहक,
फोंडा, गोवा