पोट बांधणारी गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीतला पावसाळी आजारांवरचा लेख वाचला. ‘जुलाब सुरू होताच थांबवणारी गोळी घ्यावी’, लहानमोठा असा भेदही नाही. छापण्याआधी कुणी वाचतं का?

गेल्या वर्षी लक्ष्मीच्या यात्रेनंतर पुतणीच्या तीन वर्षांच्या पोराला जुलाब लागले. दुकानातून तीच गोळी आणून अर्धी दिली. जुलाब थांबले, घराला हायसं वाटलं. संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं, डोळे खोल गेले, लघवी बंद. तसंच उचलून बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, “काका, पाणी गेलंच आहे. बाहेर न पडता आतड्यात साठलंय.”

मी आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, तरी तेव्हा सुचलं नाही याची लाज वाटते. डॉ. शंभूनाथ डे या संशोधकांनी १९५९ साली कोलकात्यात हेच दाखवलं होतं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू गाळून उरलेला नुसता द्रव त्यात सोडला. जंतू नाहीत, वाट बंद, तरी तुकडा पाण्यानं टरारून फुगला. त्या द्रवातलं जंतूंचं विष आतड्याच्या पेशीतली क्लोराइडची दारं उघडीच धरतं. क्लोराइडमागून सोडियम, त्यामागून पाणी. आतड्याची हालचाल रोखून ही गळती थांबत नाही. वर विष आणि जंतू आतच मुक्कामाला!

साखरेबरोबर मीठ आत घेणारं दार मात्र विषाच्या तडाख्यातून सुटतं. त्याच दारानं डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ च्या बांगलादेश युद्धात बंगालमधल्या बनगावच्या छावणीत, सलाईन संपत आल्यावर, मीठ-साखरेचं पाणी पाजून निर्वासितांना वाचवलं. आपल्या लेखात ओआरएसला, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याला, अर्धी ओळ. गोळीला मात्र चौकट!

आता निघालंच आहे म्हणून. आमच्या खानापूर तालुक्यात घरोघरी ओआरएसच्या पुड्या वाटल्या, सोबतचा कागद फक्त कानडीत. कानडीशी वैर नाही, पण पुतणी मराठी शाळेत शिकलेली. तिनं लिटरभर पाण्याची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली होती. मी वेळेवर पोचलो म्हणून ओतून टाकली. पुड्या वाटणाऱ्यांना मराठी छापायला जमत नाही, तुम्हाला तर जमतं. एका पुडीला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एवढं तरी उद्याच्या अंकात ठळक छापा. त्या गोळीच्या चौकटीएवढ्याच जागेत मावेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका