नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्यातून ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांचं काम अंगावर आलं. दरवर्षी या दिवसांत आमच्या छापखान्यात फोन खाली ठेवायला उसंत नसते, कारण प्रत्येकाला एकच विचारायचं असतं: "आमचं झालं का हो?" यंदा तोच प्रश्न ग्राहक तुम्ही बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या लिंकला मोबाइलवर विचारतात. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मंजूर, प्लेट (छपाईचा पत्रा) गेली, छपाई सुरू, कटिंगला, तयार. जे काम जिथे आहे तिथे दिसतं. म्हणून आज चार ओळी लिहायला सवड मिळाली, आणि त्या तुम्हालाच लिहायच्या होत्या.

ठरलेला मोबदला तुम्ही घेतलात, तो व्यवहार झाला. हे आभार त्यापलीकडचे आहेत. सॉफ्टवेअर विकायला येणारे आमच्याकडे आधीही आले. ते सोबत लॅपटॉप घेऊन यायचे, तुम्ही वही घेऊन आलात. आमच्या मशीनमन काकांच्या शेजारी स्टुलावर बसून तुम्ही विचारलंत, "काका, रंग जुळेपर्यंत किती शीट वाया जातात?" तीस वर्षांहून जास्त मशीन चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला असावा. एका रंगाच्या पावतीपुस्तकाला वेगळी वेस्टेज, चार रंगांच्या पत्रिकेला वेगळी, आर्टपेपरला आणखी वेगळी, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि आमच्या दरपत्रकात कुठेच नव्हतं. आता प्रत्येक जॉब संपला की किती शीट गेल्या तो आकडा ते स्वतः मोबाइलवर भरतात, आणि पुढचा अंदाज त्यावरून निघतो. काकांना टायपिंग जमणार नाही असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही त्यांच्यासाठी ठळक आकड्यांची बटणं केलीत. माझ्या लेखी सगळ्या कामातलं हे सर्वांत मोठं काम.

कागदाचा हिशेबही तसाच. 100 बिलबुकं, प्रत्येकात 50 बिलं, दोन प्रती, म्हणजे 10,000 पानं. 23 बाय 36 इंचाच्या शीटमधून आठ पानं काढली तर 1,250 शीट, म्हणजे 500 शीटची एक अशा अडीच रीम. आम्ही कागद घेतो किलोवर. 70 जीएसएमची (एका चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणाऱ्या कागदाची) रीम साधारण 18.7 किलो भरते, म्हणजे सुमारे 47 किलो, वर वेस्टेज. हे गणित मी कॅल्क्युलेटरवर करत आलो. आता ऑर्डर लिहिली की आकडा समोर येतो आणि गोदामातून तेवढा कागद वजाही होतो. ऐन सीझनमध्ये कागद संपला म्हणून मशीन थांबणं काय असतं, ते छापखानेवाल्यालाच ठाऊक.

नंबरिंगची सोय तर मी न सांगताच तुम्ही केलीत. जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात बिलाचा क्रमांक पुन्हा येता कामा नये. दुकानदार नवी बुकं सांगतो, पण मागचा शेवटचा नंबर त्याच्याही लक्षात नसतो. आता जुनी ऑर्डर उघडली की शेवटचा नंबर तिथेच सापडतो.

आणि निवडणुका! 2024 मध्ये एप्रिलला लोकसभा आणि नोव्हेंबरला विधानसभा, दोन्ही मतदानं झाली. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127 अ प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाचं घोषणापत्र दोन प्रतींत, दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षांकनासह घ्यायचं, आणि छापून झालं की त्याची प्रत पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्यासारख्या छोट्या माणसाला या कागदांची धास्ती असते. घोषणापत्राचा फोटो जोडल्याशिवाय तो जॉब मशीनपर्यंत पोचणारच नाही, ही अट तुम्ही घातलीत. पुढच्या निवडणुकीत मी रात्री शांत झोपेन.

दर फक्त मला आणि हिशेबाच्या मुलाला दिसतात, प्रूफवर ग्राहकाने होकार कधी दिला त्याची वेळ राहते, आणि लाइट गेली तरी माहिती जागच्या जागी असते. वधूच्या आजोबांच्या नावातली वेलांटी कोणी मंजूर केली, यावरून आता काउंटरवर आवाज चढत नाही.

एक सांगायचं राहिलं. बडकस चौकाकडच्या दोन छापखान्यांनी हे काम पाहिलं आणि तुमचा नंबर मागितला. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. चालत असेल तर कळवा. आणि या बाजूला आलात तर काकांना भेटल्याशिवाय जाऊ नका. त्यांना आणखी एक बटण हवं आहे, पण कशासाठी ते मला सांगत नाहीत, "ताईलाच सांगतो" म्हणतात.

आपला,
महालातला छापखानेवाला
नागपूर