आवाज सापडतो, धूर सुटतो

मा. संपादक,

मॉडिफाइड सायलेन्सर लावणाऱ्या दुचाकींवर कारवाई झाली की जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चेपल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि वाचणाऱ्याला बरे वाटते. ते रास्तच आहे. १७५ सीसीवरच्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा असताना रात्री सात रस्ता चौकातून सायलेन्सरचे फटाके फोडत जाणाऱ्याची बाजू कोणी घेऊ नये. पण मी सोलापुरात दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो, आणि मला रोज दिसते ते या छायाचित्रात येत नाही. कारवाईत सापडतो तो कानाला ऐकू येणारा. ज्याने सायलेन्सर कंपनीचाच ठेवून आतले कॅट-कॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर शुद्ध करणारा भाग) काढून टाकले आहे, तो त्याच चौकातून बिनधास्त निघून जातो आणि शहराच्या हवेचे जास्त नुकसान तोच करतो.

हे कॅट-कॉन म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेली पातळ पत्र्याची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची गुंडाळी. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा थर असतो. ती अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली की कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्हींचा निकाल लावते. बीएस-६ (धुराच्या भारतीय मानकाचा सहावा टप्पा) दुचाकीला किलोमीटरमागे १ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि अवघे ६० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड एवढीच सूट आहे. या गुंडाळीशिवाय ते गणित जुळतच नाही.

ट्यूनिंगची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचे सेटिंग बदलण्याची, खरी अडचणही इथेच आहे. कॅट-कॉनला तिन्ही विष एकाच वेळी मारायचे तर एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. त्या प्रमाणाच्या आसपास राहण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) सतत झटत असतात. इंजिन सर्वांत जास्त ताकद देते ते मात्र साडेबारा-तेराच्या प्रमाणाला, म्हणजे मिक्श्चर थोडे रिच, पेट्रोल जरा जास्त असताना. त्याने इंजिनही थोडे गार राहते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना विजापूर वेशीतल्या गर्दीत अडकलेला माणूस ‘मालक, गाडी लई गरम होते, पिकअप मेलंय’ म्हणत गॅरेजवर येतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला हवे ते आणि कायद्याला हवे ते, या दोहोंत दोन भाग हवेचा फरक आहे. कंपनीने कायद्याचे ऐकले, आणि ऐकायलाच हवे होते.

मग गॅरेजमध्ये काय होते? कार्बोरेटरच्या गाड्या होत्या तेव्हा मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) टाकायचा, हवेचा स्क्रू फिरवायचा, एअर फिल्टर बदलायचा, एवढ्यात काम व्हायचे. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि मार्चच्या अखेरच्या दोन दिवसांत शोरूमसमोर सवलतीसाठी रांगा लागल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या आजही पळताहेत आणि ‘जरा सेटिंग करून द्या’ म्हणत सर्वांत जास्त त्याच येतात. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आले, बहुतेक सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आले आणि पान्ह्याचे काम लॅपटॉपकडे गेले. आता ईसीयूचा मॅप, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क कधी-किती द्यायचा याचे कोष्टक, बदलतात. कॅट कापून काढतात, ते घ्यायला भंगारवाले टपलेलेच असतात. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी डमी बसवतात, म्हणजे मीटरवरचा इंजिनाचा दिवा लागत नाही. ‘फटाक्यां’साठी स्पार्क मुद्दाम उशिरा देऊन कच्चे पेट्रोल गरम पाइपात सोडतात. कॅट जागेवर असले तरी त्या पेट्रोलाने जळून जाते.

अशी गाडी पीयूसीला नेली तर काय होते, हे वाचकांनी एकदा उभे राहून पाहावे. गाडी स्टँडवर, इंजिन आयडलला (रेस न देता चालू), सायलेन्सरमध्ये नळी. मशीन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. गाडी पळताना, लोड घेताना काय सोडते हेही मोजत नाही. चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर धूर ओकणारा मॅप आयडलला मात्र सभ्य ठेवता येतो, ते काही अवघड नाही. कार्बोरेटरवाल्याला तर केंद्रात शिरण्याआधी स्क्रू थोडा फिरवला की पुरते. मिक्श्चर लीन होते, म्हणजे पेट्रोल कमी, आकडा खाली येतो. लीन मिक्श्चरने वाढतो तो नायट्रोजन ऑक्साइड, आणि तो या मशीनला दिसत नाही. बीएस-४ आणि बीएस-६ गाडीला एकदा प्रमाणपत्र मिळाले की वर्षभर पाहणे नाही. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, २०१९ पासून, हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. धूळ हे आपल्याकडचे मोठे कारण आहे हे मान्य, पण म्हणून दुचाकीच्या धुराकडे डोळेझाक करून चालणार नाही.

कायदा कमी कडक आहे असेही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेला सुटा भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मात्र याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आणखी एक वाक्य घातले आहे, त्याची चर्चा मी कुठेच वाचली नाही. अशा बदलांसाठी मापदंड आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकारला ठरवता येतील, आणि मंजूर बदल केला म्हणून कंपनीची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही, असे ते वाक्य म्हणते.

म्हणजे दार कायद्यातच आहे. रिक्षाला सीएनजी किट बसवतो ते याच दाराने: किट पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासलेले, बसवणारा अधिकृत, आणि आरसी बुकावर नोंद. मग जो सायलेन्सर किंवा जो मॅप कॅट-कॉन जागेवर ठेवून, चाचणी देऊन, मर्यादेत राहतो, त्याला अशी मंजुरी का मिळू नये? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने ही पद्धत कधीच बसवली. उत्सर्जन वाढत नाही हे सिद्ध करणाऱ्या सुट्या भागाला तिथे आदेश क्रमांक मिळतो आणि तो भाग उघडपणे विकता येतो. जो सिद्ध करत नाही त्याला सोडतही नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसारख्या कंपनीने रेसिंगच्या नावाखाली विकलेल्या ट्यूनर उपकरणांच्या प्रकरणात १ कोटी २० लाख डॉलर दंड भरायचे कबूल केले. तिथे दंड भरला तो बनवून विकणाऱ्याने. आपल्याकडे सापडतो तो अठरा-वीस वर्षांचा पोरगा. त्याला ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असा शिक्का मारून तो पाइप विकणारा मात्र मोकळाच राहतो.

परिवहन विभागाला माझे सांगणे आहे की पीयूसीच्या वेळी नुसती नळी घालू नका. बहुतेक बीएस-६ दुचाकींना सीटखाली किंवा जवळपास सहा पिनांचा कनेक्टर असतो. तिथे स्कॅनर लावला तर बिघाडाचे कोड दिसतात, सेन्सर जिवंत आहे की डमी याचा अंदाज येतो. खाली वाकून टॉर्चने पाहिले तर कापून पुन्हा वेल्डिंग केलेला पाइप नजरेला पडतो. यासाठी रोडरोलर लागत नाही. आणि कारवाईची सुरुवात पोरापासून न करता विक्रेत्यापासून व्हावी.

आमच्या धंद्याचीही एक गरज आहे. कंपनीचे डायग्नॉस्टिक सॉफ्टवेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरबाहेर मिळत नाही. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंतचे छोटे गॅरेजवाले बाजारातला स्कॅनर घेऊन व्हिडिओ पाहून शिकतात. ज्याला सेन्सर वाचता येत नाही तो सेन्सर काढून टाकतो, हे मी रोज पाहतो. गाडी गरम होण्याचे कारण पुष्कळदा साधे असते: चोंदलेला एअर फिल्टर, चुकीचे टॅपेट, घट्ट बसलेला ब्रेक, कचरा अडकलेला इंजेक्टर. ते दुरुस्त केले की त्या माणसाला मॅपही नको असतो आणि मोठा जेटही. विजापूर रोडच्या आयटीआयत फ्युएल इंजेक्शन आणि उत्सर्जनाचा संध्याकाळचा वर्ग सुरू करावा. गॅरेज बंद करून आम्ही तिथे येऊ, फी भरून येऊ. पीयूसी केंद्रावर मशीन चालवणाऱ्या मुलांनाही त्याच वर्गात बसवावे.

– एक गॅरेजचालक, सोलापूर