शमीस पत्र : ती सहल राहू दे, तरंगमबाडीला जा

पुणे,
फेब्रुवारी

प्रिय शमे,

भावोजींची साठी आणि त्यानिमित्त 'अख्खा तमिळनाडू, रोज मराठी जेवणासह' ही सहल, असा तुझा मेसेज वाचला. शमे, अजून पैसे भरले नसशील तर भरू नकोस. पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, देवळात पाऊण तास, साड्यांच्या दुकानात दोन तास! आपलं वय असं हाकलून घेण्याचं नाही. मी नुकतीच चोळमंडलचा किनारा एकटीने, एसटीसारख्या साध्या बसने फिरून आले. फोनवर हे सगळं सांगून व्हायचं नाही, म्हणून लिहितेय.

मुक्काम तरंगमबाडीला कर. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून मयिलाडुतुरैपर्यंत रेल्वे, पुढे बस. बसवरच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात. मी गावांची नावं तमिळ लिपीत मोबाइलवर लिहून ठेवली होती, ती कंडक्टरसमोर धरायची की काम फत्ते. तिकडचे कंडक्टर दोरी ओढत नाहीत, शिट्टी फुंकतात. नोटा उभ्या घडीने बोटांत खोचलेल्या, ओठांत शिट्टी, आणि तरीही माझं गाव आलं की हाताने खूण करून मला उठवणार. भाषेवाचून माझं कुठेही अडलं नाही.

गाव एवढंसं. एक जुनी वेस, तिच्यावर डेन्मार्कच्या राजाची मुद्रा. आत शिरलं की सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना चर्चं आणि जुने बंगले, आणि रस्ता संपतो तिथे थेट समुद्र. डावी-उजवी बघत रमतगमत गेलीस तरी पंधरा मिनिटांत टोकाला पोचशील. समुद्रालगत डॅन्सबोर्ग किल्ला. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन लोकांनी तो बांधला, मिरीच्या व्यापारासाठी. आत छोटं संग्रहालय आहे, शुक्रवारी बंद असतं. समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू तटाला लागला की चौकार, असा बहुधा त्यांचा नियम असावा.

या किल्ल्याची एक गोष्ट मला फार आवडली. युरोपात डेन्मार्क लढायांत बुडालं आणि १६४३ नंतर जवळजवळ २६ वर्षं तिकडून एकही जहाज आलं नाही. पगार नाही, दारूगोळा नाही, पत्र नाही. माणसं तापाने मेली, काही निघून गेली. शेवटी कारभार आला काँग्सबाके नावाच्या एका सामान्य माणसाकडे. त्याने बंगालची जहाजं लुटली, त्या पैशातून गावाभोवती तट घातला, नायकाचे हल्ले परतवले आणि किल्ला राखला. १६६९ मध्ये मायदेशाचं जहाज दिसलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल! बढतीचं पत्र आलं की हिशेबाच्या वह्या मागितल्या, हे मला उगाच जाणून घ्यावंसं वाटलं. बँकेत आयुष्य गेलं ना.

आता आपल्या लोकांचं ऐक. नायकांच्या मागून तंजावरला व्यंकोजीराजे आले आणि डेन लोकांचे जमीनमालक झाले आपले भोसले. १६९९ मध्ये व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने तरंगमबाडीला वेढाही घातला होता. पण पुढचा धागा याहून सुरेख आहे. १७०६ साली झीगेनबाल्ग नावाचा जर्मन मिशनरी इथे उतरला. तमिळ शिकला, गव्हर्नरशी भांडून चार महिने याच किल्ल्यात कैदेत बसला, आणि सुटल्यावर छापखाना आणून १७१५ पर्यंत बायबलचा 'नवा करार' तमिळमध्ये छापून मोकळा झाला. कागद पुरेना म्हणून शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखाना निघाला. त्याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ आला. तो पुढे तंजावरला गेला आणि धाकट्या सरफोजीराजांचा गुरू झाला. त्या सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला, आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या १८०६ मध्ये, तंजावरात! आपण मात्र शाळेत मराठी छपाईचा इतिहास मुंबईपासूनच शिकलो.

डेन लोकांनी १८४५ मध्ये तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर मिळून साडेबारा लाखांना इंग्रजांना विकून टाकलं. व्यापार नागपट्टिणमकडे गेला आणि गाव होतं तसं राहिलं. किल्ल्याच्या उत्तरेला मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, पांड्य राजाच्या वेळचं, १३०६ सालचं. त्याचा पुढचा भाग समुद्राने खाल्ला. आता दगडांचा बांध घातलाय.

सकाळी सहाला किनाऱ्यावर जा. फायबरच्या होड्या वाळूवर ओढतात आणि तिथल्या तिथे लिलाव. बोली लावणाऱ्या बहुतेक बायकाच. ॲल्युमिनियमचं घमेलं पुढ्यात, कनवटीला पैशांची पिशवी, आणि एकीने मासळीचा कल्ला अंगठ्याने उचलून लाल आहे ना ते बघितलं, मग नाक मुरडून भाव पाडला. सुरमई मागायची तर 'वंजिरम' म्हण. तू खाशील, भावोजींसाठी केळीच्या पानावरचं साधं जेवण सगळीकडे मिळतं.

दक्षिणेला बसने गेलीस की थोड्या वेळात कारैकल. तंजावरच्या गादीच्या भांडणात १७३९ साली हे फ्रेंचांच्या पदरात पडलं, आजही पुदुच्चेरीत मोडतं. हद्द ओलांडली हे दारूच्या दुकानांवरून कळतं, आणि पोलिसांच्या तांबड्या उभट टोप्यांवरून. फ्रेंच खुणा शोधत बसू नकोस, फारशा नाहीत. कारैकल अम्मैयारचं देऊळ मात्र चुकवू नकोस. ६३ शैव संतांपैकी ही एक. रूप नको, असं शिवाकडे मागून घेतलेली, हाडांचा सापळा झालेली, कैलासावर पाय ठेवायचा नाही म्हणून हातांवर चालत गेलेली. नवरा तर तिला देवी समजून घाबरून केव्हाच पळाला होता.

त्यापुढे नागूरचा दर्गा. शाहुल हमीद या सोळाव्या शतकातल्या अवलियाचा. पाच मनोरे आहेत, त्यातला सर्वांत उंच १३१ फुटांचा, आणि तो बांधला तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी. मुलगा झाला म्हणून नवस फेडला, असं सांगतात. दारात पत्र्याच्या छापलेल्या चकत्या मिळतात, डोळा, पाय, घर, होडी. जे बरं व्हायला हवं किंवा मिळायला हवं ते घ्यायचं आणि वाहायचं. बांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात तसंच. घेणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका भरपूर होत्या.

वेलंकन्नीला मी गेले आणि लगेच निघाले. चर्च देखणं आहे, पण भोवतीचा बाजार सोसवेना. २६ डिसेंबर २००४ला नाताळाच्या गर्दीत इथेच त्सुनामीची लाट आली. या एका नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. त्या दिवसाविषयी तिथल्या कुणाला आपणहून विचारू नये, असं मला वाटतं.

आता तुझ्या कामाचं. तरंगमबाडीहून उत्तरेला बसने जेमतेम अर्धा तास, तिरुक्कडैयूर. मार्कंडेयासाठी शिवाने यमाला लाथ मारली ती जागा हीच, असं मानतात, म्हणून साठी आणि सहस्रचंद्रदर्शन करायला सगळा तमिळ मुलूख इथे लोटतो. मंडपात एकाच वेळी चार-पाच जोडपी, गळ्यात जाडजूड हार, मुलं-सुना कलश ओततायत, आणि आजी पुन्हा मंगळसूत्र बांधून घेताना अशी लाजते की बघत राहावं. फोटोवाले मध्येमध्ये लुडबुडतात, गुरुजी घाईत असतात, तरी मला ते आवडलं. भावोजींची साठीशांत हॉलमध्ये दीडशे पानं उठवून करण्यापेक्षा इथे करा. गुरुजींशी आधी बोलून ठेवावं लागेल. भोसले-काळातल्या मराठी घराण्यांतले लोक तंजावरात अजून आहेत, त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं निघतंय का ते मी बघते.

जायचं ते जानेवारीच्या शेवटी. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे पाऊस आणि वादळं, पोंगलच्या आठवड्यात गाड्यांना जागा नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा नोव्हेंबरात पहिल्या दिवशीच तिकिटं काढ. सहलवाल्यांना काय सांगायचं ते ठरव आणि मला रविवारपर्यंत कळव. भावोजी 'एकटं कसं जायचं' म्हणाले तर फोन माझ्याकडे दे.

तुझी,
वंदू