सभागृहाची किल्ली पावसाआधी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आहे आणि वडोदऱ्यात पुन्हा विश्वामित्री नदीच्या पातळीची चर्चा सुरू झाली आहे, म्हणून चर्चच्या सभागृहांबद्दल हे पत्र. मी निवृत्त परिचारिका आहे, ख्रिस्ती आहे. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी अहमदनगरहून इथे आले. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना गुजरातीत होते, घरातलं पवित्र शास्त्र मात्र अजून मराठीच आहे.

26 ऑगस्ट 2024, जन्माष्टमीचा सोमवार. त्यानंतरचे दोन-तीन दिवस वडोदरेकर विसरणार नाहीत. नदी 35 फुटांच्या वर गेली होती. शुक्रवारी पाणी ओसरल्यावर मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी गेले. परशुराम भठ्ठा काय, कामाटीपुरा काय, नदीकाठच्या वस्त्या दर वेळी आधी बुडतात. त्यांची वस्तीही तशीच. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. शिलाई मशीन त्यांनी टेबलावर, टेबल खाटेवर असं चढवून ठेवलं होतं, तरी ते बुडालं. दारात उकिडव्या बसून त्या मशीनच्या चाकात बोटाने खोबरेल तेल सोडत होत्या. घरात दुसरं तेलच उरलं नव्हतं. चाक हलत नव्हतं. शेजारी उलट्या तव्यावर रेशनकार्डाची पानं वाळत घातली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चच्या फाटकावर धान्याची किटं वाटली. यादी माझ्या हातात होती, मंडळीच्या सभासदांची. बाई रांगेत उभ्या होत्या. त्यांचं नाव यादीत नव्हतं, आणि मी त्यांना थांबायला सांगितलं. शेवटी एक किट उरलं ते त्यांना मिळालं. पण सगळ्यांचं वाटून होईपर्यंत दीड तास त्या माझ्यासमोर चिखलाच्या पायांनी उभ्या होत्या. ‘कनिष्ठ बंधूंपैकी एकाला जे केलंत ते मला केलंत’ असं प्रभू येशू म्हणाला. सभासदांपैकी एकाला, असं नाही म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी 1 सप्टेंबर होता. ऑर्थोडॉक्स मंडळीचे पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, दिमित्रियोस यांनी 1989 मध्ये हा दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचा ठरवला, आणि आता अनेक पंथांच्या मंडळ्या तिथपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीचा काळ पाळतात. आमच्याकडे त्याचा उल्लेखही झाला नाही. उपासनेनंतर एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, ‘देवाने नोहाला धनुष्य दाखवलंय, पुन्हा जलप्रलय नाही. कशाला घाबरायचं?’ हे वाक्य मी अनेक विश्वासू माणसांकडून ऐकलं आहे. त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

बायबलमध्ये जलप्रलयानंतर देवाने नोहाला वचन दिलं, आकाशातलं धनुष्य ही त्याची खूण, आणि ते तो पाळतोच. पण पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही असं ते वचन आहे. आपण नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवून, तलाव भरून तिथे बंगले बांधले तरी पाणी येणार नाही, असं त्यात कुठेही नाही. शिवाय तो करार एकट्या माणसाशी नाही, प्रत्येक जिवंत प्राण्याशी आहे. विश्वामित्रीतल्या मगरीसुद्धा त्यात आल्या, ज्या पुरात रस्त्यावर येतात आणि ज्यांच्या भीतीने वस्तीतली मुलं पाण्यात पाय घालत नाहीत. आणि नोहाने तारू पाऊस सुरू झाल्यावर बांधायला घेतलं नव्हतं.

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस आला की मग एकदम कोसळतो. 31 जुलै 2019 रोजी या शहरात एका दिवसात सुमारे 20 इंच पडला होता. 2024 मध्ये आपल्याला बुडवणारी तीच पावसाची प्रणाली कच्छवरून अरबी समुद्राकडे जाताना ‘असना’ चक्रीवादळ झाली. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ 1976 नंतर पहिल्यांदाच झालं. ही हवा तापवण्यात त्या बाईंचा वाटा किती? त्यांच्याकडे गाडी नाही, एसी नाही, विमान त्यांनी फक्त हरणीच्या विमानतळावरून उडताना पाहिलं आहे. मे महिन्यात पत्र्याखाली रात्रीही उकाडा उतरत नाही आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, हे मी नोकरीत वॉर्डातच पाहिलं आहे. आम्ही प्रोटेस्टंट, तरी पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ पत्रात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितलं, ते मला पूर्ण पटतं. म्हणूनच किटाला मी दान म्हणत नाही. ते आपल्यावरचं देणं आहे, आणि तेही अपुरं.

शहरातल्या सगळ्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. आजवा जलाशयाची पातळी वाढू लागली की सभागृहं उघडा, पाणी घरात शिरल्यावर नको. धर्म विचारू नका. वस्तीतल्या म्हाताऱ्यांची, गरोदर बायकांची, डायलिसिसच्या रुग्णांची नावं जूनमध्येच लिहून घ्या. ते काम मी करायला तयार आहे. कागदपत्रांसाठी झिपच्या प्लास्टिक पिशव्या वाटा. आणि कोतरं, तलाव बुजवण्याविरुद्ध महापालिकेकडे हरकती जातात त्यावर चर्चच्या पाळकांच्याही सह्या असू द्या. बायबलमधल्या एदेन बागेची मशागत आणि राखण दोन्ही माणसाकडे सोपवलेली होती. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी मंडळांकडेही वरच्या मजल्यावर सभागृहं आहेत. त्यांनीही विचार करावा.

आमचं सभागृह सात पायऱ्या वर आहे. 2024 मध्ये पाणी तिसऱ्या पायरीला थांबलं होतं, आणि दाराला कुलूप होतं. येत्या रविवारी मी चर्चच्या वडीलमंडळापुढे किल्लीचा विषय मांडणार आहे. बाईंनी हप्त्याने नवं मशीन घेतलं आहे. ते ठेवायला सभागृहात खिडकीजवळची जागा मी बघून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
फतेहगंज, वडोदरा