अपिलात अडकलेली भरपाई

महोदय,

वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करताना आमच्या शेजाऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कामगारांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, परंतु मालक अपिलात गेले आणि अद्याप एक रुपयाही हाती पडलेला नाही. चहाचा कप ते आता डाव्या हाताने धरतात. तारखेला अहमदाबादला उच्च न्यायालयात जायचे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

अशी जुनी प्रकरणे 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालची आहेत; 2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्या कायद्याच्या कलम 30 नुसार उच्च न्यायालयात अपील 60 दिवसांत करावे लागत असे, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. शिवाय ठरलेली रक्कम जमा केल्याचे आयुक्तांचे प्रमाणपत्र जोडल्याखेरीज मालकाचे अपील दाखलच होत नसे. म्हणजे अशा प्रकरणांत पैसे आयुक्तांकडे जमा असतात. उच्च न्यायालयाचा तसा आदेश नसेल, तर ते रोखून धरणे आयुक्तांवर बंधनकारक नाही, आणि रक्कम मिळावी म्हणून कामगाराला अर्ज करता येतो. हे त्याला कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरा अन्याय इथेच होतो.

औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. निकालपत्राच्या प्रतीसोबतच या दोन्ही गोष्टी गुजराती, हिंदी आणि मराठीत छापून कामगाराच्या हाती द्याव्यात, अशी माझी संबंधित कार्यालयांना कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा