वयाला दोष देण्यापूर्वी

महोदय,

पाऊस सुरू झाला की गुहागर-दापोली पट्ट्यातील अनेक घरांत वडीलधाऱ्यांना ‘पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) निसरडी झाली आहे, घरातच बसा’ असे सांगितले जाते. ही काळजी रास्त आहे. परंतु चार महिने पडवीत बसून काढल्यावर त्यांना उठताना आधार लागू लागतो, तेव्हा सारा दोष वयाला दिला जातो, हे पटत नाही.

स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, कामाच्या मागणीनुसार वाढतात आणि घटतात. अमेरिकेतील संशोधक जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे नियमित पळवून दाखवून दिले की, त्यांच्या पायांच्या स्नायूंतील मायटोकॉन्ड्रियांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. याउलट, अंथरुणाला खिळल्यास तरुणांच्या स्नायूंतही ती थोड्याच दिवसांत कमी होऊ लागते. वयोमानाने मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएमधील दोष वाढतात आणि जीर्ण कणिकांचा निचरा मंदावतो, हे खरेच. तरीही वृद्धापकाळातील घसरणीचा मोठा वाटा हालचाल कमी झाल्याचा असतो, आणि सत्तरीतील स्नायूही व्यायामाला प्रतिसाद देतात, ही माझ्या मते सर्वांत दिलासादायक बाब आहे.

मुले मुंबईला असल्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ग्रामपंचायतींनी पावसाळ्यात शाळेचे किंवा देवळाचे सभागृह रोज तासभर खुले ठेवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी तेथे चालण्याचे व खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे सोपे व्यायाम शिकवावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, गुहागर